पृष्ठभागावर रेणूंची स्वयंरचना

चमचाभर तेल आणि अर्धा एकर पाणी

इ. स. १७७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात बेंजामिन फ्रँकलिन ह्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. पाण्यावर तेल ओतले असता लाटा शांत होतात, हे खलाशांना प्राचीन काळापासून ठाऊक होते. फ्रँकलिन ह्यांनी लंडनजवळील क्लॅपम येथील तळ्यावर ह्याची परीक्षा घेतली. प्रथम त्यांनी लाटा मोठ्या होत्या त्या काठावरून तेल सोडले. परंतु वारा तिकडेच वाहत असल्यामुळे तेल काठालाच परत आले. मग ते वाऱ्याच्या उगमाकडील काठावर गेले. तेथे टाकलेले चहाचा चमचाभर तेल झपाट्याने पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे स्तब्ध झाले.

फ्रँकलिन ह्यांनी एक साधा भागाकार मात्र केला नाही. चहाच्या चमच्यात २ ते ५ घन सेंटीमीटर तेल मावते असे धरू. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. एवढे तेल एवढ्या क्षेत्रावर सारखे पसरले, तर त्या थराची जाडी १ ते २.५ नॅनोमीटर भरते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेलाच्या एका रेणूची लांबीही साधारण एवढीच असते. म्हणजे तळ्यावर पसरलेला तो थर एकाच रेणूइतक्या जाडीचा होता. त्याहून अधिक तो पसरू शकत नव्हता, कारण रेणूचे तुकडे झाल्यावाचून त्याला आणखी पातळ होणे शक्य नव्हते.

अशा थराला आपण एकरेणवीय थर म्हणू. ह्या थरात रेणू कसेही विखुरलेले नसतात. योग्य परिस्थितीत ते एकमेकांना खेटून, एकाच दिशेला तोंड करून, कवायतीच्या रांगांप्रमाणे उभे राहतात. त्यांना कोणी हाताने मांडलेले नसते. ही मांडणी कोण करते, तिच्यातील चुका कशा दुरुस्त होतात आणि मनुष्याला तिचा काय उपयोग, हा ह्या प्रकरणाचा विषय आहे.

स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

हा भागाकार शास्त्रीय विचारात येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १८९० मध्ये लॉर्ड रॅले ह्यांनी मोठ्या कुंडातील पाण्यावर मोजून तेल टाकले. स्वच्छ पाण्यावर कापराचे कण भिरभिरत राहतात. तेलाचा पुरेसा थर पसरताच ते थांबतात. हे भिरभिरणे थांबविण्यास किती तेल लागते ते मोजून त्यांनी थराची जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर असल्याचे ठरविले.

जानेवारी १८९१ मध्ये रॅले ह्यांना जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावाहून एक पत्र आले. पत्र लिहिणाऱ्या आग्नेस पॉकेल्स ह्या तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. त्यांना विद्यापीठात शिकता आले नव्हते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम ह्यांत त्यांचे दिवस जात. पाण्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास त्यांनी अठराव्या-विसाव्या वर्षापासून घरच्या घरीच चालविला होता. त्यांचे उपकरण म्हणजे पत्र्याचे एक लांबट उथळ कुंड, त्यावर आडवी टाकलेली आणि मागे-पुढे सरकविता येणारी पत्र्याची पट्टी, आणि पृष्ठभागावर टेकवून तराजूने उचलावयाचे एक लहानसे बटण. पट्टी सरकवून त्या तेलकट पृष्ठभागाचे क्षेत्र कमी-अधिक करीत, आणि बटण सुटण्यास किती बल लागते ह्यावरून पृष्ठताण मोजीत.

पृष्ठताण म्हणजे काय हे येथे थोडक्यात पाहू. पाण्याच्या आतील रेणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरील रेणूला वरच्या बाजूस शेजारी नसतो. म्हणून पृष्ठभागावर राहणे रेणूच्या दृष्टीने महाग पडते आणि पाणी आपले पृष्ठभागाचे क्षेत्र शक्य तितके कमी ठेवू पाहते. आकसण्याच्या ह्या प्रवृत्तीलाच पृष्ठताण म्हणतात. पॉकेल्स ह्यांना असे आढळले, की तेलाचा थर विरळ असताना पृष्ठताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो; परंतु पट्टी पुढे सरकवीत एका विशिष्ट क्षेत्रापर्यंत आल्यावर तो एकाएकी उतरू लागतो. ह्याचा अर्थ असा, की त्या क्षणी थरातील रेणू एकमेकांना भिडतात.

रॅले ह्यांच्या पत्नीने ते जर्मन पत्र इंग्रजीत भाषांतरित केले, आणि रॅले ह्यांच्या शिफारशीने मार्च १८९१ मध्ये ते ‘नेचर’ साप्ताहिकात छापून आले. पृष्ठभागावरील रेणूंच्या अभ्यासाचे मूळ उपकरण अशा रीतीने एका घरगुती कुंडातून जन्मास आले. १९३२ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पॉकेल्स ह्यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

उभे राहणारे रेणू

पॉकेल्स ह्यांचे कुंड सुधारून अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनी १९१७ मध्ये एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर मिळविले: थरातील रेणू आडवे असतात की उभे?

त्यांनी मेदाम्ले घेतली. मेदाम्लाचा रेणू काडीसारखा लांब असतो. त्याचे एक टोक पाण्याच्या रेणूंशी सहज जुळते. त्याला आपण जलस्नेही शीर्ष म्हणू. उरलेला भाग म्हणजे कार्बन व हायड्रोजन ह्यांची लांब साखळी. तिला पाण्याचे सान्निध्य मानवत नाही, म्हणून ती जलविरोधी शेपटी. पामिटिक आम्लात १६ कार्बन अणू असतात, स्टिअरिक आम्लात १८, तर सेरॉटिक आम्लात २६. रेणू पाण्यावर आडवे पडत असतील, तर लांब रेणूने जास्त जागा व्यापावयास हवी. प्रत्यक्षात सर्वांनी जवळजवळ सारखीच जागा व्यापली: दर रेणूमागे सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर. ह्याचा उलगडा एकाच प्रकारे होऊ शकत होता. रेणू उभे होते. शीर्षे पाण्यात रोवून आणि शेपट्या हवेत ठेवून ते शेतातल्या धाटांप्रमाणे दाटीने उभे होते. धाट उंच असो वा ठेंगणे, त्याच्या बुंध्याला लागणारी जागा तेवढीच. पृष्ठभाग-रसायनातील कार्याबद्दल लँगम्यूर ह्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या ज्ञानाचा उपयोग दुष्काळी प्रदेशांच्या एका जुन्या दुखण्यावर करून पाहण्यात आला. उन्हाळ्यात जलाशयांतील पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन उडून जातो. सेटिल अल्कोहोलसारख्या मेणचट पदार्थाचा एकरेणवीय थर पाण्यावर पसरला, तर उभ्या शेपट्यांची दाट जाजम वाफेला अडविते. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात आणि नंतर भारतातही असे प्रयोग झाले. शांत पाण्यावर थर चांगले काम देतो. परंतु मोठ्या जलाशयावर वारा तो एका काठाला लोटतो, आणि फाटलेला थर पुन्हा पुन्हा पसरावा लागतो. फ्रँकलिन ह्यांच्या तेलाला जो अनुभव आला, तोच येथेही आला.

लँगम्यूर ह्यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट ह्यांनी पाण्यावरील हा थर काचेवर उचलून आणला. काच पाण्यात बुडवून हळूहळू वर काढली, की प्रत्येक खेपेस एकेक थर तिच्यावर चढतो. १९३८ मध्ये त्यांनी असे ४४ थर चढवून प्रकाश जवळजवळ परावर्तितच न करणारी काच तयार केली. भिंगांवर आज जे परावर्तनरोधी लेप देतात, त्यांच्या पूर्वजांपैकी ही एक. तिच्यात एक उणीव मात्र होती. बोट फिरविले तर लेप पुसला जाई. रेणू शिस्तीत उभे होते, पण त्यांनी काचेला घट्ट धरलेले नव्हते.

सोन्याला धरून राहणारे रेणू

रेणूने पृष्ठभागाला रासायनिक बंधाने पकडावे आणि तरीही शेजाऱ्यांशी रांगेत उभे राहावे, अशी दुहेरी सोय झाली तर लेप टिकेल. १९४६ मध्ये विल्यम झिस्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की योग्य द्रावणात नुसते बुडवून ठेवलेल्या प्लॅटिनमवर उभ्या रेणूंचा थर आपोआप बसतो. ते बाहेर काढले तर द्रावण त्याला चिकटत नाही, पृष्ठभाग कोरडाच वर येतो. १९८३ मध्ये राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा ह्यांनी गंधकयुक्त रेणू सोन्यावर असेच थर बनवितात हे सिद्ध केले. ह्या प्रकारचे थर आज जगभरच्या प्रयोगशाळांत नित्याचे झाले आहेत.

कृती आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. थायॉल म्हणजे एका टोकास गंधकाचा अणू असलेली कार्बनची साखळी. त्याचे अगदी विरळ द्रावण अल्कोहोलमध्ये करावयाचे आणि स्वच्छ सोन्याचा पातळ पत्रा त्यात सोडावयाचा. काही सेकंदांत ते काही मिनिटांत सोन्याचा पृष्ठभाग बहुतेक भरून जातो. परंतु ह्या अवस्थेत साखळ्या वाकड्यातिकड्या असतात. त्यानंतर पुष्कळ तास, सामान्यतः रात्रभर, त्या सरळ होत, सरकत, एकमेकींना लागून उभ्या राहत असतात. सकाळी पत्रा बाहेर काढावा, तर त्यावर एक स्फटिकासारखा सुघटित थर तयार असतो.

ह्या थराची मापे फार बोलकी आहेत. सोन्याच्या पृष्ठभागावरील अणूंच्या जाळीने गंधकाच्या जागा ठरतात; दोन शेजारच्या गंधकांत सुमारे ०.५ नॅनोमीटर अंतर पडते. कार्बनच्या साखळ्यांना मात्र एकमेकींच्या ह्याहून किंचित जवळ राहणे अधिक सोयीचे असते. पाय तर जागेवर रोवलेले, आणि शरीरे जवळ यावयास उत्सुक! ह्यातून रेणू एक तडजोड काढतात: सर्व साखळ्या एकाच दिशेला सुमारे ३० अंशांनी कलतात, आणि कलल्यामुळे त्यांच्यातील लंबांतर कमी होते. ह्या तडजोडीचा आदेश कोठेही लिहिलेला नसतो. तो सोन्याच्या जाळीत आणि साखळीच्या जाडीत आधीच सामावलेला असतो.

थराच्या वरच्या टोकास कोणते अणू ठेवावयाचे, हे रसायनशास्त्रज्ञाच्या हाती असते. तेथे कार्बन-हायड्रोजनचा साधा गट असेल, तर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा फुगून राहतो. त्याच जागी ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट ठेवला, तर तोच थेंब पसरतो. दीड-दोन नॅनोमीटर जाडीच्या लेपातील केवळ शेवटचे दोन-तीन अणू बदलल्याने सबंध पत्र्याचा स्वभाव पालटतो.

चुकीची दुरुस्ती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही व्यवस्था कोण लावते?

परातीत एकसारख्या गोट्या घाला. त्या प्रथम कशाही पडतील; मध्ये फटी राहतील. परात हलके हलके हलवीत राहा. थोड्याच वेळात प्रत्येक गोटीभोवती सहा गोट्या अशी सुबक जाळी दिसू लागेल. परात अजिबात हलविली नाही, तर गोट्या पडल्या तशाच राहतील. फार जोराने हलविली, तर त्या उसळत राहतील आणि कोणतीच रचना टिकणार नाही. आणि गोट्या घट्ट पाकात बुडवून टाकल्या, तर जेथे पडली तेथेच प्रत्येक गोटी चिकटेल. पहिली चूक कायमची होईल.

रेणूंच्या बाबतीत परात हलविण्याचे काम उष्णता करते. सामान्य तापमानाला रेणू सतत थरथरत असतात. ह्या हालचालीची ऊर्जा दर मोलमागे सुमारे २.५ किलोज्यूल धरता येईल. मोल हे रेणू मोजण्याचे एक माप आहे. येथे फक्त तुलना महत्त्वाची. दोन कार्बन अणूंमधील बंध तोडण्यास दर मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. तो एकदा जुळला, की थरथरीने सुटत नाही. हायड्रोजन बंधाची ताकद सामान्यतः १० ते ४० किलोज्यूल असते. शेजारच्या साखळ्यांमधील व्हॅन डर वाल्स आकर्षण तर साखळीच्या प्रत्येक दुव्यामागे केवळ ४ ते ८ किलोज्यूल भरते. असे बंध जुळतात, सुटतात आणि पुन्हा जुळतात. चुकीच्या जागी बसलेल्या रेणूला शेजाऱ्यांचा आधार थोडा मिळतो, म्हणून तो लवकर सुटतो. योग्य जागी बसलेल्याला सर्व बाजूंनी आधार मिळतो, म्हणून तो टिकतो. असंख्य वेळा असे घडत गेले, की व्यवस्था उरते आणि अव्यवस्था गळून पडते.

येथे वाचकाच्या मनात एक शंका येईल. गंधक आणि सोने ह्यांच्यातील बंध तर बराच बळकट, दर मोलमागे जवळजवळ २०० किलोज्यूलचा असतो. मग तेथे दुरुस्ती कशी होते? ह्याचे उत्तर असे, की सोन्यापासून सर्वस्वी सुटणे गंधकाला अवघड असले, तरी सोन्यावरच एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकणे पुष्कळ सोपे असते. पंगतीतून उठून जाणे निराळे आणि पाट थोडा सरकवून बसणे निराळे. बळकट बंध थराला टिकाऊपणा देतो, तर सरकण्याची मुभा त्याला सुव्यवस्था देते.

तेव्हा दुबळ्या बंधांना उणीव मानणे बरोबर नाही. रचना आपोआप उभी राहावयाची असेल, तर तिच्यात चूक करण्याची आणि ती निस्तरण्याची सोय असावी लागते. ती सोय नसेल, तर प्रत्येक रेणू पहिल्याच प्रयत्नात अचूक जागी बसला पाहिजे, आणि तसे कधीच घडत नाही.

हाताने मांडावयाचे ठरविले तर?

१९८१ मध्ये झुरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर ह्यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक बनविला. अतिशय तीक्ष्ण सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरविली असता दोहोंमधील विद्युत्‌प्रवाहावरून एकेका अणूचा चढउतार टिपता येतो. ह्या शोधाबद्दल त्यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९८९ मध्ये डॉन आयग्लर ह्यांनी अशाच सुईने झेनॉनचे ३५ अणू एकेक करून ढकलले आणि निकेलवर आयबीएम ही तीन अक्षरे लिहिली. हा पराक्रम त्यांनी निरपेक्ष शून्याच्या वर केवळ चार अंशांवर, म्हणजे अणूंची थरथर जवळजवळ गोठवून, केला.

ह्या रीतीने थायॉलचा थर मांडावयाचा झाला तर किती वेळ लागेल? एक चौरस सेंटीमीटर सोन्यावर सुमारे ४५० लाख कोटी रेणू मावतात. दर सेकंदास एक रेणू ह्या अशक्य वेगाने अहोरात्र काम केले, तरी १ कोटी ४० लाख वर्षे लागतील. पेल्यातील द्रावण हेच काम एका रात्रीत करते. नॅनोमीटरच्या मापाची रचना मोठ्या क्षेत्रावर हवी असेल, तर रेणूंच्याच स्वभावाचे साहाय्य घेतल्यावाचून गत्यंतर नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते.

त्याच सुईचा अधिक विनम्र उपयोग म्हणजे रेणूंनी स्वतः काय मांडले आहे ते पाहणे. ट्रायमेसिक आम्लाचा रेणू चपटा व तीन हातांचा असतो. हात एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, आणि प्रत्येक हात दुसऱ्या रेणूच्या हाताशी हायड्रोजन बंधांची जोडी जुळवितो. असे रेणू ग्रॅफाइटवर सोडले, की सहा रेणूंचे एकेक कडे तयार होते आणि पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी विणली जाते. २००२ मध्ये ही जाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आली; तिच्या छिद्रांचा व्यास एक नॅनोमीटरहून थोडा अधिक आहे. २००३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने दोन प्रकारचे रेणू एकत्र केले. मेलामाइन, म्हणजे ज्याच्यापासून न फुटणाऱ्या बशा करतात तोच पदार्थ, कोपऱ्यांच्या जागी. आणि पेरिलीनचा एक लांबट संयुग बाजूंच्या जागी. ह्या मोठ्या जाळीच्या छिद्रांत त्यांनी साठ कार्बन अणूंचे चेंडूसारखे रेणू सोडले. प्रत्येक छिद्रात मध्ये एक आणि भोवती सहा असे बरोबर सात चेंडू बसले. रेणूंचा आकार व त्यांच्या हातांची दिशा निवडली, की जाळीचा नमुना निवडल्यासारखेच होते.

उपयोग आणि मर्यादा

अशा थरांचे उपयोग अनेक आहेत. १९९३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात अमित कुमार व जॉर्ज व्हाइटसाइड्स ह्यांनी मऊ रबरासारख्या पदार्थाचा शिक्का करून त्याला शाईऐवजी थायॉल लावले आणि तो सोन्यावर उठविला. शिक्का टेकला तेथे थर बसला आणि त्याखालचे सोने संरक्षित झाले. बाकीचे सोने रसायनाने काढून टाकता आले. कचेरीतील शिक्क्याच्याच तत्त्वाने सूक्ष्म आकृत्या छापण्याची ही रीत आहे. रक्तातील विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या संवेदकांतही सोन्यावर प्रथम असा थर देतात. त्याची टोके अशी निवडतात, की हवे तेच प्रथिन पकडले जावे आणि इतरांनी चिकटू नये.

तथापि मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. सोन्यावरील थायॉलचा थर हवेत, विशेषतः ओझोन व प्रकाश ह्यांच्या सान्निध्यात, ऑक्सिडीभवनाने हळूहळू बिघडतो. पाणी उकळण्याच्या तापमानाच्या पुढे तापविल्यास तो सुटू लागतो. थर एकाच वेळी अनेक ठिकाणी वाढू लागतो आणि निरनिराळ्या ठिकाणच्या रांगा जेथे भेटतात तेथे शिवण राहते. सर्वांत मोठी मर्यादा ही, की स्वयंरचनेतून मिळते ती पुनरावृत्ती. एकच नमुना लक्षावधी वेळा उमटविणे रेणूंना सहज जमते. संगणकाच्या मंडलासारखी, प्रत्येक ठिकाणी निराळी अशी आकृती ते आपणहून काढू शकत नाहीत. म्हणून मोठी रेखाटने यंत्राने करावयाची आणि त्यांच्या आतील बारीक रचना रेणूंवर सोपवावयाची, अशी संयुक्त पद्धती संशोधक अवलंबितात.

पहिला श्वास

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. प्रत्येक मनुष्याचा पहिला श्वास अशाच एका थरावर अवलंबून असतो.

फुप्फुसातील वायुकोश म्हणजे आतून ओलसर असे सूक्ष्म फुगे. ओल्या पृष्ठभागाला आकसावयाचे असते, आणि फुगा जितका लहान तितका हा आकसण्याचा दाब मोठा. वायुकोशाची त्रिज्या ०.१ मिलिमीटर धरली आणि आत साधे पाणी आहे असे मानले, तर तो उघडा ठेवण्यास सुमारे १४ सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब लागेल. नवजात बालकाचे वायुकोश ह्याहूनही लहान असतात. एवढ्या दाबाविरुद्ध प्रत्येक श्वास ओढणे त्याच्या कोवळ्या स्नायूंना शक्य नसते.

फुप्फुस फुगविताना पृष्ठताणाचा मोठा अडथळा असतो, हे कुर्ट फॉन नेरगार्ड ह्यांनी १९२९ मध्ये दाखविले. १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स ह्यांनी फुप्फुसातून मिळविलेला पदार्थ कुंडातील पृष्ठभागावर पसरला आणि पट्टी सरकवून त्याचे क्षेत्र कमी-अधिक केले. पॉकेल्स ह्यांनी घरी केलेल्या प्रयोगाचीच ही आवृत्ती होती. क्षेत्र आवळताच पृष्ठताण फार खाली उतरला. ह्या पदार्थाचा मुख्य घटक एक फॉस्फोलिपिड आहे. त्याला पाण्यात रोवलेले एक शीर्ष आणि हवेत उभ्या राहणाऱ्या दोन शेपट्या असतात, आणि ह्या दोन्ही शेपट्या पामिटिक आम्लाच्या असतात. लँगम्यूर ह्यांनी १९१७ मध्ये पाण्यावर उभे केलेले तेच ते पामिटिक आम्ल. श्वास सोडताना वायुकोश लहान होतो, रेणू दाटीने उभे राहतात, पृष्ठताण जवळजवळ नाहीसा होतो आणि वायुकोश मिटत नाही.

हा पदार्थ गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. दिवस भरण्यापूर्वी फार आधी जन्मलेल्या बालकात तो अपुरा असतो. अशी बालके जन्मतःच धापा टाकीत आणि दोन-तीन दिवसांत दगावत. कारण मात्र कळत नसे. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी व जेरी मीड ह्यांनी अशा बालकांच्या फुप्फुसांतील द्रवाचा पृष्ठताण मोजला. तो आवळल्यानंतरही वरच राहत होता. थराचा अभाव हेच मृत्यूचे मूळ होते. कारण कळले, तरी उपाय हाती यावयाचा होता. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांचा नवजात पुत्र ह्याच व्याधीने दोन दिवसांच्या आत मरण पावला. १९८० मध्ये जपानमधील तेत्सुरो फुजिवारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसांपासून मिळविलेला पदार्थ दहा बालकांच्या श्वासनलिकेतून आत सोडला, आणि त्यांचा श्वास सुधारला. हे औषध आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

डॉक्टर हे औषध वायुकोशांच्या दिशेने सोडतात, इतकेच. लक्षावधी वायुकोशांत ते वाटून देणे, शीर्षे पाण्याकडे व शेपट्या हवेकडे करणे, प्रत्येक श्वासाबरोबर दाट व विरळ होणे, हे सारे रेणू आपणहून करतात. कोणत्याही हाताला, कोणत्याही सुईला हे साधले नसते. क्लॅपमच्या तळ्यावर पसरलेल्या चमचाभर तेलाचा जो गुण, तोच येथे एका बालकाचे प्राण राखतो. रेणूंना योग्य घडण द्यावी, त्यांना हलण्यास मोकळीक द्यावी आणि चूक सुधारण्यास वेळ द्यावा. मग मांडणीचे काम त्यांच्यावर विश्वासाने सोपविता येते.